एका डबक्याचा ताळेबंद

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला तो त्रिकोण आठवतोय? सगळ्यात खाली गवत, त्याच्यावर नाकतोडा, मग बेडूक, मग साप, आणि टोकावर रुबाबात बसलेला गरुड. शेजारी एक वाक्य: प्रत्येक पायरीवर फक्त दहा टक्के ऊर्जा पुढे जाते. परीक्षेत दोन मार्कांना हमखास. 'लिंडमनचा दहा टक्क्यांचा नियम सांगा.' आपण सांगितला, मार्क घेतले, आणि बारावीनंतर बायोला जो रामराम ठोकला तो ठोकलाच.

माझं तर आणखीच वेगळं. डिग्री मेकॅनिकलची, नोकरी आयटीतली. थर्मोडायनॅमिक्समधलं आता एवढंच डोक्यात शिल्लक आहे की कुठलंही इंजिन शंभर टक्के कार्यक्षम नसतं आणि बाकीचं उष्णता होऊन निघून जातं. मध्यंतरी सहज म्हणून हा लिंडमन कोण होता ते बघायला बसलो आणि दोन वीकेंड त्यातच गेले. नियम सगळ्यांना पाठ, माणूस मात्र कुणालाच माहीत नाही. आणि गंमत म्हणजे, ज्या लेखामुळे त्याचं नाव झालं त्या लेखात दहा टक्क्यांचा नियम नाहीच!

तर मंडळी, आज या माणसाची आणि त्याच्या डबक्याची गोष्ट. पण थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

* * *

१९२१ साली ऑक्सफर्डच्या काही मंडळींची एक मोहीम आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेनला गेली. तिच्यात चार्ल्स एल्टन नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. वाटेत बेअर आयलंड नावाचं एक बेट लागतं. झाड नाही, झुडूप नाही, थंडी मरणाची. त्यामुळे प्राण्यांच्या जातीही मोजक्याच. आपल्या सह्याद्रीत कोण कुणाला खातं याचं चित्र काढायला बसलात तर भिंत पुरणार नाही, पण बेअर आयलंडवर ते एका कागदावर मावतं. एल्टन यांनी आपले सहकारी समरहेज यांच्याबरोबर ते चित्र काढलं आणि १९२३ साली छापलं. बाणांचं जाळं: शेवाळ, किडे, पक्षी, कोल्हा, सील, अस्वल.

पुढे १९२७ साली एल्टन यांचं 'ॲनिमल इकॉलॉजी' हे पुस्तक आलं. अन्नसाखळी ही कल्पना त्यांनी या पुस्तकात नीट मांडली, आणि पुस्तकातल्या त्रिकोणाचं मूळही इथेच आहे. त्यांचं म्हणणं असं, की साखळीत खालचे प्राणी लहान आणि संख्येने प्रचंड असतात. वर जावं तसे प्राणी मोठे आणि कमी. संख्येचा पिरॅमिड.

आता यात एक अडचण आहे. हापूसचं एक झाड घ्या. झाड एक, त्यावर तुडतुडे हजारो. पिरॅमिड उलटा! शिवाय नुसती डोकी मोजली तर हत्ती एक आणि मुंगीही एकच. म्हणजे खिशात पाचशेच्या किती नोटा, दहाच्या किती नोटा आणि चिल्लर किती हे न बघता 'माझ्याकडे एकूण सतरा पैसे आहेत' असं सांगण्यासारखं झालं. सगळ्यांना लागू पडेल असं एक चलन हवं होतं.

ते चलन तसं समोरच होतं. १९२६ साली अमेरिकेत एडगर ट्रान्सो या वनस्पतिशास्त्रज्ञांनी इलिनॉयमधल्या एक एकर मक्याचा हिशोब मांडला होता. शंभर दिवसांच्या हंगामात त्या एकरावर ऊन किती पडलं, आणि त्यातलं किती मक्याने पकडून साखरेत बांधलं? उत्तर आलं १.६ टक्के. चांगली जमीन, जोमदार पीक, आणि तरी एवढंच. पण ट्रान्सो यांचा हिशोब मक्यापाशी थांबला. तो मका कुणी खाल्ला, पुढे काय झालं, हा त्यांचा विषय नव्हता.

तिसरा धागा १९३५ सालचा. आर्थर टॅन्सली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या वर्षी 'इकोसिस्टिम' हा शब्द छापून आणला. आपण मराठीत त्याला परिसंस्था म्हणतो. त्यांचा मुद्दा असा की झाडं, प्राणी वेगळे आणि माती, पाणी, हवा वेगळी अशी फाळणी करू नका. सगळं मिळून एकच यंत्रणा आहे. (हल्ली स्टार्टअपवाले ऊठसूट 'इकोसिस्टिम' म्हणतात, तो शब्द मुळात इथला.)

म्हणजे १९३५ पर्यंत तिन्ही तुकडे हजर होते. कोण कुणाला खातं ते माहीत होतं, ऊर्जेत मोजता येतं हे माहीत होतं, आणि सगळं एकत्र बघायला हवं हेही कुणीतरी सांगून ठेवलं होतं. जोडायचं काम बाकी होतं.

* * *

रेमंड लिंडमन. जन्म १९१५, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, शेतकऱ्याच्या घरी. मला त्याला अहो-जाहो करवत नाही, कारण ही सगळी कामगिरी त्याने पार पाडली तेव्हा तो माझ्यापेक्षाही लहान होता. मिनेसोटा विद्यापीठात त्याने पीएचडीसाठी एक तळं निवडलं: सीडर बॉग लेक, मिनियापोलिसच्या उत्तरेला साधारण पन्नास किलोमीटरवर.

नावात लेक असलं तरी फसू नका. जेमतेम मीटरभर खोल. आपल्याकडे त्याला कुणी तळं म्हटलं नसतं, डबकंच म्हटलं असतं. हजारो वर्षं गाळ साचून भरत आलेलं, चारी बाजूंनी दलदल आत सरकत चाललेली. तळ्यांनाही वय असतं म्हणतात, आणि हे तळं अगदी शेवटच्या टप्प्यातलं होतं. एका अर्थाने सोयीचंच. लहान आणि उथळ असल्यामुळे तळापासून पृष्ठभागापर्यंत सगळं मोजणं एका माणसाच्या आवाक्यातलं होतं.

एका माणसाच्या म्हणजे दोघांच्या. बायको एलेनॉर त्याच्याबरोबर राबत होती. पाच वर्षं दोघांनी या चिखलात काढली. पाण्यातून जाळी ओढून तरंगणारे सूक्ष्म जीव गोळा करायचे, तळाचा गाळ उपसून चाळायचा, त्यातल्या अळ्या आणि किडे वेचायचे, पाणवनस्पती उपटून वाळवायच्या, वजनं करायची. हिवाळ्यात तळ्यावर बर्फ धरला की खालच्या पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो; अशा पाण्यात तळाचे जीव किती तग धरतात याचे त्याने प्रयोगही केले. मग वजनांच्या कॅलरी करायच्या. एवढ्या ग्रॅम शेवाळात एवढी ऊर्जा, एवढ्या ग्रॅम अळीत एवढी.

यातून जो तक्ता तयार झाला तो मी चार वेळा वाचला. आकडे एका चौरस सेंटिमीटरचे आहेत, म्हणजे साधारण अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेचे, आणि एका वर्षाचे. (कॅलरी शास्त्रातली छोटी. डाएटवाली कॅलरी हिच्या हजारपट.)

वर्षभरात पडणारं ऊन, जास्तीत जास्त: १,१८,८७२ कॅलरी.
त्यातलं वनस्पती आणि शेवाळांनी पकडलं: १११.३.
त्यांना खाणाऱ्यांपर्यंत पोचलं: १४.८.
आणि या शाकाहाऱ्यांना खाणाऱ्यांपर्यंत: ३.१.

म्हणजे बघा, सीटीसी एक लाख एकोणीस हजार आणि हातात एकशे अकरा रुपये! हजारातला एक. त्यावर अख्खं तळं जगतंय.

पण खरी मजा पुढे आहे. लिंडमनने नुसती बेरीज केली नाही, खर्चाचे मथळे पाडले. वनस्पतींच्या १११.३ पैकी ७०.४ ही अंगावर धरलेली वाढ. २३.४ श्वसनात गेले, म्हणजे नुसतं जिवंत राहायला जाळले. १४.८ कुणीतरी खाल्ले. २.८ कुजले. तसंच शाकाहाऱ्यांचं: १४.८ मधले ७ वाढीला, ४.४ श्वसनाला, ३.१ भक्षकांच्या तोंडी आणि उरलेले किरकोळ कुजण्यात. आणि भक्षकांचं काय? ३.१ पैकी १.८ श्वसनाला आणि वाढीला उरले १.३.

आता श्वसनाला वाढीने भागा. वनस्पतींना एक रुपयाची वाढ करायला तेहतीस पैसे जाळावे लागतात. शाकाहाऱ्यांना त्रेसष्ट पैसे. आणि भक्षकांना एक रुपया अडतीस पैसे! शेवाळ एका जागी पडून ऊन खातं. त्याला खाणारा जीव फिरतो. आणि फिरणाऱ्याला पकडायचं तर त्याच्यापेक्षा जास्त फिरावं लागतं. म्हणजे वर जावं तसा जगण्याचा खर्चच वाढत जातो. साखळी चार-पाच कड्यांच्या पुढे का जात नाही, गरुडाला खाऊन जगणारा सातवा-आठवा प्राणी का नाही, याचं उत्तर या तीन ओळींच्या भागाकारात आहे. वर पोचेपर्यंत खायला काही उरतच नाही.

इथे मेकॅनिकलवाल्याच्या डोक्यात घंटा वाजते. हा तर आपला दुसरा नियम! ऊर्जा एका रूपातून दुसऱ्यात जाताना दर वेळी काही भाग उष्णता होऊन निसटतो आणि तो परत येत नाही. नायट्रोजन, फॉस्फरस फिरून फिरून येतात. शेवाळातून अळीत, अळीतून गाळात, गाळातून परत शेवाळात. ऊर्जा मात्र फिरत नाही. सूर्याकडून आत येते, पायऱ्या चढते, आणि प्रत्येक पायरीवर थोडी थोडी गळत बाहेर जाते. रोज नवं ऊन हवंच. पदार्थांचं चक्र आणि ऊर्जेचा एकमार्गी प्रवाह हा फरक एका खऱ्या तळ्याचे आकडे लावून, पायऱ्यांच्या हिशोबात असा कुणी मांडला नव्हता.

* * *

१९४१ साली त्याला पीएचडी मिळाली आणि तो येल विद्यापीठात जॉर्ज एव्हलिन हचिन्सन यांच्याकडे गेला. हचिन्सन म्हणजे तळ्यांच्या अभ्यासातलं मोठं नाव. (हा माणूस १९३२ साली येलच्या मोहिमेबरोबर आपल्या लडाखला येऊन गेला होता. ज्या पँगाँगच्या काठावर हल्ली सगळे फोटो काढतात, त्या भागातल्या तळ्यांचा त्यांनी तेव्हा अभ्यास केला होता.) हचिन्सन स्वतः अशाच हिशोबाच्या मागे होते. दोघांचं जमलं. लिंडमनने आपल्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यांच्या मदतीने नव्याने लिहिलं आणि 'इकॉलॉजी' या नियतकालिकाकडे पाठवलं.

लेख परत आला.

परीक्षक दोन होते, चॉन्सी ज्युडे आणि पॉल वेल्च. दोघेही तळ्यांच्या शास्त्रातले अमेरिकेतले दादा लोक. वेल्च यांचं पाठ्यपुस्तक सगळीकडे चालायचं. ज्युडे यांनी आपले सहकारी बर्ज यांच्याबरोबर चाळीस वर्षं विस्कॉन्सिनमधल्या शेकडो तळ्यांची मोजणी केलेली. दोघांचंही मत एकच: छापू नये. यात गृहीतकं फार आहेत, प्रत्यक्ष मोजलेलं कमी आहे. एवढ्याशा माहितीवर सगळ्या तळ्यांचे नियम सांगता येत नाहीत. आधी आकडे जमवा, सिद्धांत नंतर.

गोष्ट सांगताना इथे ज्युडे आणि वेल्च यांना खलनायक करण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. त्यांच्या जागी बसून बघा ना. एक सत्तरीला आलेला माणूस, ज्याने उभं आयुष्य बोटीतून बाटल्या भरण्यात घालवलं, त्याच्यासमोर पंचविशीतला पोरगा एक डबकं मोजून जगाचा नियम सांगतोय. (आमच्या क्षेत्रात दोन आकड्यांवरून पाच वर्षांचं प्रोजेक्शन सर्रास होतं आणि क्लायंट मानही डोलावतो, ती गोष्ट वेगळी.) त्यांची शंका अगदीच चुकीची नव्हती. लिंडमनचे काही अंदाज पुढे खरंच टिकले नाहीत. वरच्या पायऱ्यांवर ऊर्जा घेण्याची कार्यक्षमता वाढत जाते असं त्याला वाटत होतं. नंतरच्या मोजणीने ते सिद्ध झालं नाही.

पण यातला खरा विरोधाभास वेगळाच आहे. लिंडमनने आपल्या डबक्याची तुलना ज्या दुसऱ्या तळ्याशी केली ते होतं मॅडिसन शहराजवळचं लेक मेंडोटा. आणि मेंडोटाचे आकडे कुणाचे? ज्युडे यांचेच! १९४० साली त्यांनी याच 'इकॉलॉजी'मध्ये त्या तळ्याचा वर्षभराचा ऊर्जेचा जमाखर्च छापला होता. जमा इतकी, खर्च इतका. पण कुणाकडून कुणाकडे गेले हे त्यात नव्हतं. लिंडमनने तेच आकडे पायऱ्यांवर मांडले. ज्युडे यांनी आयुष्यभर विटा पाडल्या, याने त्यांचा जिना केला, आणि ज्युडे म्हणाले, विटा अजून कमी आहेत.

हचिन्सन गप्प बसले नाहीत. त्यांनी संपादकांना पत्र लिहिलं. मुद्दा असा की तळ्यांचे आकडे ढिगाने जमलेत, पण त्यांच्यातून सर्वसाधारण नियम निघालेले नाहीत. काय मोजायचं हे सांगणारा सिद्धांतच नसेल तर नुसतं मोजत राहून काय उपयोग? लिंडमननेही आक्षेप डोळ्यासमोर ठेवून लेख दुरुस्त केला आणि परत पाठवला.

निर्णय आता टॉमस पार्क यांच्या हातात होता. पार्क शिकागोचे प्राणिशास्त्रज्ञ, पिठातल्या किड्यांवर काम करणारे. परीक्षकांचं मत बदललेलं नव्हतं. तरी पार्क यांनी लेख घ्यायचं ठरवलं. यातलं खरं काय आणि खोटं काय ते शेवटी काळच चाळून ठरवेल, अशा अर्थाचं त्यांनी कळवलं. मला या सगळ्या गोष्टीत हे पार्क फार आवडले. दोन ज्येष्ठ माणसं 'नाही' म्हणतायत, विषय आपला नाही, आणि चुकलं तर नाव आपलं जाणार. अशा वेळी 'परीक्षकांनी नाकारला हो, मी काय करू' म्हणून हात झटकणं किती सोपं होतं!

एवढी घाई का होती, असं वाटेल. घाई होती. लिंडमन आजारी होता. यकृताचा विकार, आणि तो वाढतच चालला होता. लेख स्वीकारल्याचं त्याला कळलं. छापलेला मात्र त्याने पाहिला नाही. २९ जून १९४२ रोजी तो गेला. सत्ताविसावं पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता. ऑक्टोबर १९४२ च्या अंकात लेख आला आणि त्याच्या शेवटी हचिन्सन यांनी त्याच्या मृत्यूची छोटीशी नोंद जोडली. मधल्या पत्रव्यवहाराची हकिगत बाहेर आली ती थेट १९७७ साली, रॉबर्ट कुक यांनी 'सायन्स'मध्ये ती लिहिली तेव्हा. तोपर्यंत ज्युडे जाऊनही तीस वर्षं उलटली होती.

लेख लांबला असता, 'चार वर्षांनी आणखी आकडे घेऊन ये' असं झालं असतं, तर घेऊन येणारा माणूसच नव्हता.

* * *

मग दहा टक्के आले कुठून?

लिंडमनच्या लेखातले आकडे असे: सीडर बॉगमध्ये वनस्पतींकडून शाकाहाऱ्यांकडे १३.३ टक्के आणि तिथून भक्षकांकडे वीस-बावीस टक्के. मेंडोटात ८.७, मग ५.५, मग १३. पाच आकडे आणि त्यांत एकही दहा नाही. दहा टक्के असा नियम त्याने सांगितलाही नाही.

पुढची मोजणी हचिन्सन यांच्याच दुसऱ्या विद्यार्थ्याने केली. हॉवर्ड ओडम यांनी फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या नितळ झऱ्याचा संपूर्ण हिशोब १९५७ साली छापला. तिथे दर चौरस मीटरला वर्षाकाठी वनस्पतींची निव्वळ कमाई ८,८३३ किलोकॅलरी, शाकाहाऱ्यांची १,४७८, भक्षकांची ६७ आणि सगळ्यात वरच्या भक्षकांची ६. टक्के काढा: १७, साडेचार, ९. परत दहा नाहीत! या ओडमसाहेबांनी ऊर्जेचा प्रवाह नळांसारखा काढला, पुढे तर चक्क इलेक्ट्रिकल सर्किटसारखी चिन्हं वापरली. आपल्याला बघताक्षणी कळावं असं चित्र.

१९६० च्या आसपास लॉरेन्स स्लोबोडकिन (हेही हचिन्सनचेच विद्यार्थी, या माणसाने काय माणसं तयार केली!) प्रयोगशाळेत डॅफ्निया नावाचे पाण्यातले बारीक जीव पाळत होते. त्यांना शेवाळ मोजून द्यायचं आणि भक्षकाने खावेत तसे ठरावीक जीव काढून घ्यायचे. त्यातून त्यांनी मांडलं की हा आकडा दहा टक्क्यांच्या आसपास असावा. दहा हा आकडा सोयीचा. शून्य कमी करत जायचं, झालं. पाठ्यपुस्तकांनी तो उचलला आणि खाली लिंडमनचं नाव टाकलं.

आणि गंमत बघा, दहा अगदीच हवेतलाही नाही. १९९५ साली डॅनियल पॉली आणि व्हिली क्रिस्टेन्सन यांनी समुद्र आणि गोड्या पाण्यातल्या ४८ परिसंस्थांची मॉडेल्स एकत्र करून बघितली. सरासरी निघाली दहा टक्क्यांच्या किंचित वर! पण ही सरासरी आहे. एकेक आकडा दोन-चार टक्क्यांपासून वीसच्या पुढेपर्यंत पसरलेला. नदीची सरासरी खोली चार फूट आहे म्हणून कुणी डोळे मिटून नदीत शिरत नाही, तसंच हे.

* * *

हे सगळं आपल्याला कशाला हवं, असा प्रश्न रास्त आहे. दोन उदाहरणं देतो.

एक मासळी बाजारातलं. तारली पाण्यातल्या सूक्ष्म प्लवंगांवर जगते. सुरमई तारलीसारख्या माशांवर जगते. सरासरीचे दहा टक्के धरले तर ढोबळ मानाने एक किलो सुरमईमागे दहा किलो लहान मासळी आणि तिच्यामागे शंभर किलो प्लवंग. सुरमई महाग असण्याची कारणं बरीच असतील, पण समुद्र तिच्यासाठी किती मोजतो ते असं.

दुसरं ताडोबाचं. सफारीहून परतलेल्या जिप्सीतून एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'एवढे पैसे भरले आणि वाघ काही दिसला नाही.' अहो, वाघ दुर्मिळ असणारच! उल्हास कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या ११ जंगलांतली वाघांची आणि त्यांच्या भक्ष्याची मोजणी २००४ साली प्रसिद्ध केली. त्यात आपलं मेळघाट, पेंच आणि ताडोबाही होतं. भक्ष्य जिथे दाट तिथे वाघ दाट, इतका सरळ संबंध. शंभर चौरस किलोमीटरमागे वाघ कुठे तीन, कुठे सतराच्या आसपास. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास चितळ-सांबरांसारखी जनावरं लागतात, आणि कळप टिकायचा तर वाघ त्यातला दहावा हिस्साच उचलू शकतो. (हे दहा टक्के वेगळे, डोक्यांचे, ऊर्जेचे नव्हेत.) म्हणजे एका वाघामागे पाचशे जनावरं. आणि त्या पाचशेंच्या मागे किती गवत, बांबू, पाला लागत असेल ते बघा. वाघाचा फोटो काढायला आपण धडपडतो, पण त्याची मर्यादा ठरते ती गवतापाशी. कुरणं गेली तर नुसता पहारा देऊन वाघ वाढणार नाहीत.

* * *

सीडर क्रीकचं ते रान आजही मिनेसोटा विद्यापीठाकडे आहे आणि तिथे गवताळ प्रदेशांवर मोठमोठे प्रयोग चालतात. जलशास्त्रज्ञांची एक अमेरिकी संस्था तरुण संशोधकाच्या उत्तम लेखाला पुरस्कार देते, त्याला लिंडमनचं नाव आहे. नाकारलेल्या लेखाच्या लेखकाच्या नावाने उत्तम लेखाचा पुरस्कार. काळाची चाळणी म्हणतात ती ही असावी :-)

जाता जाता एक गोष्ट. लिंडमनच्या मूळ लेखात तळ्याचं एक चित्र आहे. त्यात त्रिकोण नाही. बाणांचं जाळं आहे, एका बाजूला ऊन, कडेने शेवाळ, पाणवनस्पती, प्लवंग, किडे, मासे. आणि बरोब्बर मध्यभागी, सगळ्यांशी जोडलेला, गाळ. तळाचा काळा चिखल आणि त्यातले जिवाणू. जे खाल्लं गेलं नाही, जे मेलं, जे विष्ठा होऊन पडलं, ते सगळं तिथे येतं आणि तिथूनच पुन्हा वर जातं. त्या तळ्याच्या हिशोबात सगळ्यात मोठं खातं गाळाचं होतं, आणि पाच वर्षं तो उपसून चाळणाऱ्या माणसाला हे पक्कं माहीत होतं.

आपल्या पुस्तकातल्या त्रिकोणात गरुडाला जागा मिळाली. गाळ तेवढा राहून गेला. घरात कुणी भाचा-पुतणी दहावीला असेल तर त्या त्रिकोणाखाली पेन्सिलने एक आडवी पट्टी काढायला सांगा आणि तिच्यात लिहायला सांगा: चिखल. मार्क मिळणार नाहीत, पण चित्र पूर्ण होईल.